'लंडन बोलत आहे' : एका तबकडीची जन्मकथा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बी. बी. सी.च्या परदेशी प्रक्षेपणाचा आरंभ 'हें लंडन बोलत आहे' अशा अर्थाच्या शब्दांनीं होत असे. जर्मनांनीं व्यापलेल्या देशांतील माणसें दारें लावून, आवाज लहान करून, जिवाचा कान करून तें ऐकत. त्या शब्दांत धीर होता. १९७९ सालीं लंडनच्याच चार तरुणांनीं तेच शब्द उचलून आपल्या नव्या गीतसंग्रहास नांव दिलें 'लंडन कॉलिंग'. मात्र या खेपेस लंडन धीर देत नव्हतें. तें धोक्याची सूचना देत होतें.

या चौघांच्या वाद्यवृंदाचें नांव 'द क्लॅश', म्हणजे खडाजंगी. त्याचा पंथ 'पंक'. या इंग्रजी शब्दाचा अर्थ टुकार, उनाड पोर असा कांहींसा आहे. १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथें या पंथाचा बोलबाला झाला. त्या वेळचे नामांकित रॉक वाद्यवृंद एकेक गाणें वाटेल तितकें लांबवीत. त्यावर या पोरांचें म्हणणें असें कीं, गिटारवर तीन सूरमेळ वाजवतां आले कीं पुरे. गाणें दोन-तीन मिनिटांत आटपावें आणि सांगावयाचें तें ओरडून सांगावें. रागदारीवर कान तयार झालेल्या मनुष्यास हा केवळ गोंगाट वाटेल, आणि पुष्कळ वेळां तो गोंगाट असतोही. परंतु बेकारीनें गांजलेल्या तरुणांस त्यांत आपलें गाऱ्हाणें ऐकूं येई, हें विसरून चालणार नाहीं.

'क्लॅश'चा मुख्य गायक जो स्ट्रमर. त्याचे वडील ब्रिटिश परराष्ट्रखात्यांत नोकरीस होते व त्यांचा जन्म लखनौचा. मिक जोन्स गिटार, पॉल सिमोनन बास गिटार व टॉपर हेडन ड्रम वाजवी. १९७७ व १९७८ मध्यें त्यांचे दोन संग्रह निघाले होते. पण १९७९ उजाडलें तेव्हां व्यवस्थापकाशीं त्यांचें फाटलेलें होतें आणि डोक्यावर कर्ज होतें. या धंद्याची रीत तमाशाच्या फडासारखीच आहे. कंपनी आधीं उचल देते. ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंतांच्या नांवें मांडला जातो. आणि तबकड्या खपल्या कीं त्यांच्या वाट्यांतून तो वळता करून घेतला जातो. त्यामुळें गाजलेला वाद्यवृंद कफल्लक असणें यांत नवल कांहींच नाहीं.

उन्हाळ्यांत पिमलिको भागांतील एका मोटारगॅरेजच्या मागल्या खोलींत त्यांनीं तालीम धरली. दिवसभर वाजवावें, मध्यें फुटबॉल खेळावा, पुन्हां वाजवावें, असा क्रम होता. पुढें हायबरी येथील वेसेक्स या ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रण झालें. ती इमारत पूर्वीं चर्चचें सभागृह होती. निर्माता म्हणून त्यांनीं गाय स्टीव्हन्स याची निवड केली. हा गृहस्थ गुणी खरा, पण व्यसनाधीन. गाणें चालू असतां तो खुर्च्या फेंकी, शिडी आपटी. एकदां तर त्यानें पियानोंत मद्यच ओतलें! यंत्रांची बाजू बिल प्राइस या शांत तंत्रज्ञानें सांभाळली. हा तमाशा कितीही विचित्र दिसला तरी त्यांतला हेतु उघड होता. वारंवार मुद्रण करून घोटलेलें गाणें बिनचूक होतें, पण त्यांतला जीव जातो. स्टीव्हन्सला पहिल्या उसळीचा जीव हवा होता.

सूचना कसली? त्याच वर्षीं मार्चमध्यें अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत अपघात झाला होता. टेम्स नदीला भरतीचें पाणी चढून लंडन बुडेल या भीतीनें नदीवर प्रचंड दरवाजांचा बांध घालण्याचें काम चालू होतें. हें सारें शीर्षकगीतांत आलें आहे. इतर गाण्यांत स्पेनचें यादवी युद्ध आहे, जमेकाचा रेगे ताल आहे, जाझही आहे. केवळ तीन सूरमेळांच्या पंथास हें रुचेल काय, अशी शंका कट्टर अनुयायांनीं काढली. त्यांची सोंवळेगिरी आपल्याकडील घराण्यांच्या अभिमान्यांस ओळखीची वाटावी.

मुखपृष्ठावरील छायाचित्र पेनी स्मिथ या बाईंनीं न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहांत घेतलेलें आहे. तेथें श्रोत्यांस खुर्च्यांवरून उठूं देत नसत; त्या संतापानें सिमोनननें आपली गिटार रंगमंचावर आपटून फोडली. चित्र अस्पष्ट आलें म्हणून तें छापूं नये असें बाईंचें मत होतें. स्ट्रमरनें तेंच निवडलें. अक्षरांची मांडणी एल्व्हिस प्रेस्लेच्या १९५६ मधील तबकडीच्या वेष्टणावरून घेतली.

किंमतीचा वाद खरा मोलाचा. ऐकणारा वर्ग गरीब. तेव्हां दोन तबकड्यांचा संच एकीच्या किंमतींत द्यावा असा त्यांचा आग्रह. कंपनी तयार होईना. तेव्हां एका तबकडीबरोबर एक छोटी जोडतबकडी फुकट देण्याची संमति त्यांनीं मिळविली, आणि हळूहळू त्या जोडतबकडीवर इतकीं गाणीं चढविलीं कीं ती पूर्ण दुसरी तबकडीच झाली. अशीं एकोणीस गाणीं पांच पौंडांत ग्राहकाच्या हातीं पडलीं. शेवटचें गाणें वेष्टण छापून झाल्यावर घातलें गेल्यामुळें यादींत त्याचें नांवच नव्हतें. अमेरिकेंत मात्र तेंच विशेष गाजलें.

१४ डिसेंबर १९७९ रोजीं संग्रह इंग्लंडमध्यें निघाला व खपाच्या यादींत नवव्या क्रमांकावर पोंचला. जानेवारी १९८० पासून दौरा सुरू झाला. प्रथम इंग्लंड, मग अमेरिका, मग युरोप. दौऱ्यास नांव दिलें होतें 'सोळा टन'. खाणींत राबूनही कंपनीच्या दुकानाचें देणें न फिटणाऱ्या मजुराचें हें जुनें अमेरिकन गाणें. उचल घेतलेल्या वाद्यवृंदानें तें कां निवडलें हें सांगावयास नको. हँबुर्ग येथें कांहीं श्रोते दांडगाई करूं लागले, तेव्हां स्ट्रमरनें एकाच्या डोक्यांत गिटार घातली व त्यास अटक झाली. दौऱ्याहून परतल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं तीन तबकड्यांचा संच काढला, आणि त्याची किंमत कमी ठेवावी म्हणून इंग्लंडांत खपणाऱ्या पहिल्या दोन लाख प्रतींवरील आपला वाटा कंपनीस सोडून दिला.