आदिवासी वाङ्मय, कला आणि शिक्षण : दप्तरातील नोंदी

आदिवासींना लेखी इतिहास नाही, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः त्यांच्याविषयीचे कागद विपुल आहेत. ते कोणी लिहिले, कशासाठी लिहिले आणि लिहिताना कोणाचे नाव गाळले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबईच्या शासकीय पुराभिलेखागाराची स्थापना १८२१ मध्ये झाली. तेथील जुन्या दप्तरांत भिल्ल, वारली, कोकणा ही नावे भेटतात ती बहुधा जंगल, सारा आणि बंदोबस्त या विषयांच्या कागदांत. भाषेची दखल त्या मानाने लवकर घेतली गेली. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातील भिल्ली बोलींचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलना सुलभ व्हावी म्हणून बोलीबोलींतून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा अनुवादून घेण्यात आली होती. बोली भिल्लांची, गोष्ट परक्यांची ! त्याच्या जोडीला काही स्थानिक कथा व निवेदनेही घेतली गेली, हे त्या सर्वेक्षणाचे श्रेय. परंतु सांगणाऱ्याचे नाव बहुधा आढळत नाही. आदिवासींनी स्वतःच्या नावाने लिहिलेले वाङ्मय मुद्रित स्वरूपात येण्यास पुढे बराच काळ जावा लागला. १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले, आणि वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

चित्रकलेची कथा याहून बोलकी आहे. वारली लग्नघरात भिंत गेरूने वा मातीने सारवून सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्यभागी पालघट देवी असते; धवलेरी गीते गाऊन लग्न लावते. वारली माणूस चौक ‘काढला’ म्हणत नाही, ‘लिहिला’ म्हणतो. तेव्हा निरक्षर कोणाला म्हणावे, हा प्रश्नच आहे. लग्न आटोपले की चौकाचे काम संपते. पुढच्या सारवणात तो पुसला जातो. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांनी कागद व रंग या भागात नेले आणि चित्र भिंतीवरून उतरून टिकाऊ झाले. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. म्हसे यांचा गौरव सर्वस्वी यथार्थ होता. मात्र ज्या स्त्रियांच्या हातून ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांपैकी किती जणींची नावे आपल्या दप्तरी आहेत ?

शिक्षणाच्या नोंदींत कोसबाडचे स्थान वेगळे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल गुरे राखते, धाकटे भावंड सांभाळते, म्हणून शाळेत येत नाही, हे ओळखून शाळाच कुरणात नेण्यात आली. ती कुरणशाळा. अनुताई वाघ यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात हे अनुभव लिहून ठेवले आहेत. हजेरीपटावर केवळ ‘गैरहजर’ एवढेच उमटते. कारण कळते ते अशा लेखनातून.

तरीही शाळेचे जनरल रजिस्टर हलके लेखू नये. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत त्यापूर्वीच्या, विशेषतः स्वातंत्र्यपूर्व नोंदींना अधिक वजन असते. आजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ नातवाच्या शिक्षणाचा व नोकरीचा आधार ठरू शकते. ती रजिस्टरे गळक्या खोलीत, वाळवीच्या तोंडी असतील तर हानी केवळ कागदाची होत नाही. मुख्याध्यापकांनी ती जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावीत, आणि जीर्ण पानांची छायाचित्रे वेळीच घ्यावीत. पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरावा. तिच्याखालचा कागद काळवंडतो.

गीत वा कथा टिपून घेताना प्रथम गाणाऱ्याची संमती घ्यावी. नंतर तिचे नाव, पाडा, तारीख आणि प्रसंग लिहावा. शब्द तिच्या बोलीतलेच ठेवावेत, त्यांचे प्रमाण मराठी रूप करू नये. काही गीते ठरावीक विधीखेरीज गायची नसतात. तेथे गाणारी ‘नको’ म्हणाली तर लेखणी खाली ठेवावी. घेतलेल्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गाणारीच्या घरी असावी. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालय व संग्रहालय अभ्यासूंना या कामी मार्गदर्शक ठरेल.