बावीस फुटी भिंत आणि विम्याचे कलम

आपल्या मंडळाचे एक सभासद मुलाकडे कॅलगरीला तीन महिन्यांसाठी निघाले होते. प्रवास विम्याचे कागद दाखवायला घरी आले. बँकेतून निवृत्त झालो तरी कागद शेवटपर्यंत वाचायची माझी सवय गेलेली नाही, आणि कागद माझ्याकडे आणायची लोकांचीही गेलेली नाही. पॉलिसीत काय काय मिळणार नाही त्याची यादी नेहमीप्रमाणे शेवटी, बारीक अक्षरात होती. त्यातली एक ओळ होती व्यावसायिक खेळ, स्पर्धा आणि साहसी क्रीडाप्रकारांत होणाऱ्या इजांची. "अहो साहेब, या वयात मी कुठे बर्फावर घसरायला जातोय?" असे म्हणून ते हसले. खरे आहे. पण ती ओळ वाचताना मला सारा बर्क ही कॅनडाची स्कीपटू आठवली. तिची गोष्ट सांगण्याआधी तिचा खेळ समजावून सांगायला हवा, कारण आपल्या इंदुरात थंडी म्हणजे मफलर आणि सराफ्यातले गराडू. बर्फाशी आपला संबंध शीतपेयापुरता.

त्या खेळाचे नाव हाफपाइप. सिमेंटचा प्रचंड मोठा नळा उभा चिरून त्यातला अर्धा भाग डोंगरउतारावर पन्हळीसारखा ठेवला आहे असे समजा. ही पन्हळ बर्फाची. दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फूट, म्हणजे ६.७ मीटर उंच, दोन मजली घराएवढ्या. खेळाडू वरून आत उतरतो, एका भिंतीवर वेगाने चढतो, काठावरून हवेत उडतो, फिरतो, त्याच भिंतीवर परत टेकतो आणि समोरच्या भिंतीकडे सुटतो. खाली पोहोचेपर्यंत अशा पाच-सहा उड्या होतात. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. परीक्षक १०० पैकी गुण देतात, ते उडीची उंची, अवघडपणा, विविधता आणि सफाई बघून. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तीन संधी मिळतात आणि त्यांतली सर्वांत चांगली धरतात.

उड्यांची नावे अंशांत असतात. १०८० म्हणजे तीन पूर्ण गिरक्या. २०२२ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या निको पोर्टियसने लागोपाठ दोन १६२० मारल्या, म्हणजे प्रत्येकी साडेचार गिरक्या, एक एका भिंतीवर आणि दुसरी समोरच्या. त्याला ९३ गुण आणि सुवर्ण मिळाले. त्या दिवशी वारा इतका होता की बाकीच्यांना आपला खेळ नीट दाखवता आला नाही.

आता यातली खरी गोम. खेळाडू भिंतीच्या उभ्या भागावर टेकला तर धक्का फारसा बसत नाही, कारण भिंत त्याला उतारावर घेऊन जाते. पण उडी दोन-तीन फूट चुकली तर तो एक तर भिंतीच्या काठावर आपटतो किंवा थेट तळाच्या सपाट भागात. आणि हा बर्फ कापसासारखा भुसभुशीत नसतो. मोठी यंत्रे तो कापून, दाबून भिंतीचा आकार देतात. त्यामुळे तो गोठून दगडासारखा होतो.

अशी पन्हळ बांधायला बर्फ अफाट लागतो, खास यंत्र लागते आणि ते चालवणारा कुशल माणूस लागतो. म्हणून पूर्ण मापाच्या हाफपाइप जगात अगदी मोजक्या आहेत. अमेरिकेत कॉपर माउंटन, मॅमथ, ॲस्पेन, कॅनडात कॅलगरी, स्वित्झर्लंडमध्ये लाक्स, न्यूझीलंडमध्ये कार्ड्रोना, अशी नावे पुन्हा पुन्हा येतात. या खेळातल्या माणसाला हिवाळ्याच्या मागे पळावे लागते. ऑगस्टमध्ये उत्तरेकडचे खेळाडू न्यूझीलंडला जातात, कारण तिकडे तेव्हा हिवाळा. मग युरोपातल्या एखाद्या हिमनदीवर, डिसेंबरला कॉपर माउंटनला, मग कॅलगरी, ॲस्पेन. उरलेल्या महिन्यांत ट्रॅम्पोलिन आणि हवेच्या प्रचंड गाद्यांवर उड्यांचा सराव. नवी उडी आधी गादीवर शेकडो वेळा मारायची आणि मग एके दिवशी कडक बर्फावर मारायची.

ज्या देशात हाफपाइपच नाही तिथल्या मुलीने काय करायचे? इंग्लंडची रोवन चेशायर स्टोक गावच्या कृत्रिम उतारावर शिकली. त्यावर बर्फ नसतो, प्लास्टिकच्या कुंच्यासारखे तंतू असतात. जानेवारी २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने कॅलगरीची विश्वचषक स्पर्धा जिंकली. या प्रकारात विश्वचषक जिंकणारी ती पहिली ब्रिटिश महिला. पुढच्याच महिन्यात सोची ऑलिंपिकच्या सरावात ती तोंडावर पडली, डोक्याला मार बसला आणि स्पर्धेच्या आधीच तिला माघार घ्यावी लागली. त्यानंतर डोक्याला पुन्हा मार बसले. तरी २०१८ साली ती कोरियातल्या ऑलिंपिकला उतरली आणि सातवी आली. पदक नाही, पण माझ्या मते हा सातवा क्रमांक जपून ठेवावा असा आहे.

याच २०१८ च्या स्पर्धेत एलिझाबेथ स्वेनी ही मूळची अमेरिकन मुलगी हंगेरीकडून खेळली. तिने जवळपास एकही अवघड उडी मारली नाही. भिंतीवर थोडे चढायचे, वळायचे, खाली यायचे. ३१.४० गुण मिळवून ती २४ जणींत शेवटची आली. लोकांनी तिची खूप टिंगल केली. मी मात्र नियम काढून वाचले. विश्वचषकात पहिल्या तिसांत येणे ही पात्रतेची एक अट होती, आणि महिलांच्या बऱ्याच स्पर्धांत मुळात तीस जणीही उतरत नसत. ती जगभर फिरून प्रत्येक ठिकाणी हजर राहिली, पडली नाही, आणि अट पुरी झाली. नियमातली फट तिने शोधली असे कोणी म्हणेल. शाखेत असे ग्राहक मी पाहिले आहेत. त्यांचा अर्ज नाकारता येत नाही. पण तीस जणीसुद्धा का मिळत नव्हत्या, हा प्रश्न टिंगल करणाऱ्यांनी विचारला नाही. या खेळातला विमानखर्च, मुक्काम, प्रशिक्षक आणि दवाखाना हे सगळे उचलण्याची ऐपत किती घरांत असेल?

कारण या खेळात दरमहा पगार नसतो. काही देशांचे क्रीडासंघ खर्च उचलतात, काहींचे अर्धामुर्धा, काहींचे अजिबात नाही. बक्षिसे वरच्या दोन-तीन नावांना. बाकी मदार प्रायोजकांवर, आणि प्रायोजकाला हवा असतो हेल्मेटवर दिसणारा आपला शिक्का. आमच्या भाषेत सांगायचे तर सगळे भांडवल एका शरीरात गुंतवलेले, आणि त्यावर तारण काहीच नाही.

आता सारा बर्क. मुलींच्या स्पर्धा नव्हत्या तेव्हा ती मुलांबरोबर खेळली. मोठ्या स्पर्धांनी महिलांचा गट सुरू करावा म्हणून आयोजकांच्या मागे लागली. एक्स गेम्स या स्पर्धेत तिने हाफपाइपची चार सुवर्णे जिंकली. स्पर्धेत १०८० यशस्वी मारणारी ती पहिली महिला. हाफपाइप स्कीइंग ऑलिंपिकमध्ये यावे यासाठी तिने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि एप्रिल २०११ मध्ये तो निर्णय झाला. पहिली संधी २०१४ ची, सोचीला.

१० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेत यूटा राज्यातल्या पार्क सिटीत ती सराव करत होती. उडी तिच्या हिशेबाने सोपी होती, ५४०, दीड गिरकी. टेकलीही पायांवर, पण तोल जाऊन डोक्यावर आदळली. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी फाटली, हृदय थांबले, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. १९ जानेवारीला ती गेली. वय २९. तिच्या इच्छेप्रमाणे अवयवदान झाले.

त्यानंतर बिलाचा प्रश्न आला. कॅनडाच्या संघाचा विमा होता, पण तो संघाच्या मान्यताप्राप्त सरावासाठी आणि स्पर्धांसाठी. त्या दिवशीचा सराव प्रायोजकाच्या खासगी कार्यक्रमातला होता, त्यामुळे तो विमा लागू झाला नाही. कॅनडात सरकारी आरोग्यसेवा उत्तम, पण देशाबाहेरच्या रुग्णालयाचा खर्च ती फारच थोडा देते. आणि अमेरिकेतला अतिदक्षता विभाग काय असतो हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. बिल पाच लाख डॉलरच्या वर जाईल असे आधी बोलले गेले. प्रत्यक्षात ते त्याहून कमी निघाले. तरी तिच्या नवऱ्यासाठी इंटरनेटवर मदतीचे आवाहन करावे लागले आणि काही दिवसांत लोकांनी तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. तेव्हाच्या दराने दीड कोटी रुपये. जग भले आहे म्हणायचे. पण एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत झोळी फिरवायची वेळ आली हे मला आजही खटकते. तोच उतार, तेच हेल्मेट, तीच मुलगी. फक्त त्या दिवशीचा आयोजक वेगळा.

कॅलगरीला निघालेल्या सभासदांना मी हे सगळे सांगितले. त्यांचा मुलगा आणि नातू दर शनिवारी स्की करायला जातात, असे मग बोलण्यात आले. मुलाला सांगा, म्हटले, की अमेरिकेच्या बाजूला डोंगरावर जाणार असाल तर निघण्याआधी तिथला दवाखाना पॉलिसीत बसतो का ते लेखी विचारून घ्या. फोनवरचे "हो हो, चालतं" हे उत्तर नंतर कामाला येत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीत हाफपाइप स्कीइंगची पहिली ऑलिंपिक स्पर्धा झाली. महिलांचे सुवर्ण अमेरिकेच्या मॅडी बोमनने जिंकले, पुरुषांचे डेव्हिड वाइजने. खेळाडूंना हेल्मेटवर साराच्या आठवणीचा स्टिकर लावायचा होता, पण ऑलिंपिक समितीने परवानगी दिली नाही. कॅनडाचे प्रशिक्षक ट्रेनन पेंटर यांनी तिची थोडी रक्षा बरोबर नेली होती. ती त्यांनी तिथल्या हाफपाइपमध्ये विसर्जित केली.