पोशिंद्यावरून पाहुणा ओळखू नये

समुद्रपक्ष्याच्या आतड्यातून काढलेल्या पट्टकृमीला नाव देताना अभ्यासकाची दिशाभूल सर्वांत आधी करते ते बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेले पक्ष्याचे नाव. ‘ऑकमधला कृमी, म्हणजे अमुक जातीचा’ असे म्हणण्याचा मोह समजण्याजोगा आहे. कृमी आणि त्याला पोसणारा पक्षी, म्हणजे पोशिंदा, लाखो वर्षे जोडीने बदलत आले असतील, तर प्रत्येक पक्ष्याला त्याचा स्वतःचा कृमी असायला हवा. पण ऑक कुळातल्या एकाच गिलिमॉट पक्ष्यात दोन अगदी वेगळ्या कुळांचे पट्टकृमी आढळतात, एक अल्काटेनिया आणि दुसरा टेट्राबोथ्रिअस. दुसरीकडे टेट्राबोथ्रिअसच्या जाती अल्बट्रॉस, कुरव आणि थेट देवमाशातही राहतात. तेव्हा पक्ष्याचे नाव हा पुरावा खरा, पण तो शेवटी वाचायचा.

मग आधी काय वाचायचे? डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी 1869 मध्ये पक्ष्यांतल्या पट्टकृमींवर लिहिताना डोक्यावरच्या आकड्यांची संख्या आणि आकार यांवर भर दिला होता. अल्काटेनियासारख्या कृमीत ती खूण आजही कामी येते. टेट्राबोथ्रिअसला मात्र आकडेच नसतात. त्याच्या डोक्यावर चार चूषक असतात आणि प्रत्येकाला कानाच्या पाळीसारखा उंचवटा असतो. हे डोके शार्कच्या आतड्यातल्या काही कृमींसारखे दिसते, म्हणून टेट्राबोथ्रिअसचे नाते शार्ककडच्या कृमींशी जोडण्याचा प्रयत्न झाला. डीएनए पाहिल्यावर ते पक्षी आणि सस्तन प्राण्यांतल्या नेहमीच्या पट्टकृमींच्या जवळचे ठरले. म्हणजे एकट्या डोक्यावरही विसंबता येत नाही. शरीराचा एकेक खंड कार्माइनने रंगवायचा, लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचा, कॅनडा बाल्सममध्ये बसवायचा आणि आतल्या जननेंद्रियांची मांडणी पाहायची. टेट्राबोथ्रिअसमध्ये पीतकग्रंथी अंडाशयाच्या पुढे असते, तर त्या नेहमीच्या पट्टकृमींत ती साधारणपणे मागे असते. वृषणांची संख्या आणि जननकोशाचे स्नायू यांवरून मग जातीपर्यंत पोचता येते. अर्थात कृमी नीट टिकवलेला असला तर. मेलेल्या पक्ष्यात काही तास पडून राहिला की त्याचे आकडे गळतात, ऊती विरघळू लागतात, आणि थंड फॉर्मालिनमध्ये जिवंत टाकला तर तो आक्रसतो. अल्काटेनियाच्या एका जातीचे नावच ‘लांब मानेची’ अशा अर्थाचे आहे. आक्रसलेल्या नमुन्यात ती मान शोधत बसावे लागेल!

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अल्काटेनियातच आहे. परजीवींचे अभ्यासक एरिक होबर्ग यांनी 1986 मध्ये या कृमींची वंशावळ त्यांच्या शरीररचनेवरून मांडली आणि ती ऑक पक्ष्यांच्या वंशावळीशेजारी ठेवली. दोन्ही जुळल्या नाहीत. वंशावळीच्या तळाशी कुरवांमधली जात होती, आणि तिथून हे कृमी पफिन, ऑकलेट, गिलिमॉट अशा ऑक पक्ष्यांत शिरत गेले होते. हे शक्य झाले ते सामायिक पंगतीमुळे: कृमीची अळी क्रिल या कोळंबीसारख्या समुद्री जीवात वाढते, आणि ते क्रिल कुरवही खातो, ऑकही. पोशिंद्यावरूनच नावे दिली असती तर दोन्ही वंशावळी आपोआप जुळल्या असत्या, आणि हे स्थलांतर कधी दिसलेच नसते.

आजचा वाचक विचारेल, डीएनए वाचता येत असताना मायक्रोस्कोपवर डोळे कशाला फोडायचे? आक्षेपात तथ्य आहे. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जाती डीएनएच वेगळ्या करतो. पण डीएनएचा क्रम स्वतःचे नाव सांगत नाही. ज्याच्याशी तो जुळवायचा, त्या नमुन्याला कोणीतरी डोळ्यांनी पाहून नाव दिलेले असावे लागते. जुन्या संग्रहातले अनेक मूळ नमुने फॉर्मालिनमधले, आणि फॉर्मालिन डीएनएची मोडतोड करते. म्हणून एका कृमीचा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि उरलेला काचपट्टीवर ठेवणे हाच शहाणपणा. क्रिलमधल्या अळीला ना वृषण असतात ना अंडाशय, त्यामुळे तिथे काचपट्टी फारशी बोलत नाही. तिचा डीएनए जुळवायचा तो अशाच एखाद्या प्रौढ कृमीशी, ज्याचा दुसरा तुकडा रंगवून, नाव लिहून संग्रहालयाच्या खणात ठेवलेला आहे.