जबड्याच्या सांध्यात पू होतो तेव्हा

कानाच्या छिद्राच्या जरा पुढे बोट टेकवून तोंड उघडलं, की बोटाखाली हाड सरकतं. हा जबड्याचा सांधा. मोठ्या माणसांत तो पिकणं दुर्मीळ, पण पिकला तर दुखण्याचं मूळ बहुधा सांध्याबाहेर असतं. खालची किडलेली दाढ, अर्धवट आलेल्या अक्कलदाढेभोवतीचा पू, फुटलेला कान, सुजलेली लाळग्रंथी, इथून जंतू शेजारी पसरतात. कधी अंगावरच्या गळवातून रक्तावाटे येतात, कधी जबड्याला मार लागल्यावर. तपासणीत बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो.

किडक्या दाढा तर घरोघरी असतात, मग सांधा थोड्यांचाच का पिकतो, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. जंतूंना शरीर किती अडवतं, यावर ते ठरतं. ताब्यात नसलेला मधुमेह, आमवात, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, दारूचं व्यसन यांनी ही ताकद खचते. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने राज्यात कित्येकांचे वरचे जबडे काढावे लागले. तो बुरशीचा, वेगळा आजार. पण वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आली की जबड्याचं काय होतं, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं. मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, दुखणं निराळं. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं आणि आतली झीज झाकली जाऊ शकते, म्हणून महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात न दुखताही तपासायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं.

जबडा दुखणाऱ्या प्रत्येकाला सांधा पिकण्याचाच आजार असतो असं नाही, हेही खरं. झोपेत दात खाण्याने सांधा दुखतो. सुपारीने तोंड उघडेनासं होतं, पण हळूहळू, महिनोन्महिने जाऊन. सांधा पिकला तर चार-आठ दिवसांतच कानापुढे सूज येते, तोंड उघडत नाही आणि त्या बाजूच्या दाढा एकमेकींवर टेकेनाशा होतात. ताप असेलच असं नाही. अशा वेळी लवंग धरून, कानात तेल सोडून किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या अर्धवट घेऊन दिवस काढले, तर आत कूर्चा खाल्ली जाते आणि पुढे हाडाला हाड चिकटतं. चिकटलेला सांधा सोडवायला शस्त्रक्रिया लागते, आणि पोलादपूरहून मुंबई दीडशे किलोमीटरहून दूर आहे. रक्तातली साखर मात्र तालुक्यातच तपासून मिळते, आणि सडलेली दाढही महाडात काढता येते.