हत्ती स्वस्त, चारा महाग

दसरा-पाडवा जवळ आला, की आमच्या मराठवाड्यात दारापुढे वाहन उभे करण्याची हौस उफाळून येते. एके काळी ही हौस खिल्लारी बैलजोडीवर भागे. मग ती फटफटीवर आली, मग जीपगाडीवर. आता ती एकदम जर्मन आणि विलायती मोटारींवर जाऊन बसली आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, लँड रोव्हर अशा उंच, रुबाबदार गाड्या सोयाबीनच्या टेम्पोंमधून वाट काढताना दिसतील. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात.

माझे अर्धे आयुष्य मोटारींचे सुटे भाग विकण्यात गेले. त्यामुळे गाडी घेण्यापूर्वी थोडे आणि घेतल्यानंतर फार, असे लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात. गेल्या वर्षी अहमदपूरकडचा माझा भाचा आला, तो मात्र वेळेवर आला. त्याची जमीन रस्त्यात गेली होती आणि मोबदल्याची रक्कम हाती होती. म्हणाला, "मामा, नव्वद लाखाची गाडी पंधरा लाखात मिळायलीय. दिल्लीची हाय. घ्यावं म्हणतोय."

नव्वदची वस्तू पंधराला का मिळते, हा पहिला प्रश्न. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. न्यायालयाने २०२५ मध्ये ही सक्ती काहीशी सैल केली खरी. पण मधल्या काळात तिथल्या भारी गाड्या पडेल भावाने परराज्यांत गेल्या. अशी गाडी आणायची तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, बारा महिन्यांवर इथे ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा वाहन कर वेगळा भरावा लागतो. नांदेडचा 'एमएच २६' किंवा लातूरचा 'एमएच २४' पाटीवर येईपर्यंत पंधराचे पंधरा राहत नाहीत.

पण खरी मेख पुढेच आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेली गाडी खर्च मागते तो नव्वद लाखांच्या गाडीचाच. ऑडीची जुळणी आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला होते, म्हणून तिचे भाग मराठवाड्याच्या भावात मिळतील, असे कोणी समजू नये.

आता यंत्राकडे वळू. यांतल्या बऱ्याच गाड्या पोलादी स्प्रिंगांवर नव्हे, तर हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभ्या असतात. ऊन, धूळ आणि वय यांनी रबराला चिरा जातात. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. असा एक अस्सल भाग लाखाच्या घरात जातो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला, तर एका फुग्यापायी जवळजवळ एकोणीस क्विंटल सोयाबीन गेले!

दुसरे दुखणे थंडाव्याचे. इंजिनाभोवतीच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे जोड आठ-दहा वर्षांत ठिसूळ होतात आणि आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. त्यात आमच्याकडचे पाणी! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. एरवी भिस्त बोअरवर, आणि ते पाणी जड. ते रेडिएटरमध्ये ओतले, की आत क्षार धरतात, इंजिन तापते आणि हेड वाकते. तिथे शुद्ध केलेले पाणी आणि कंपनीने सांगितलेले कुलंटच हवे.

तिसरे दुखणे धुराच्या गाळणीचे. नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. गंजगोलाईला दोन फेऱ्या मारून गाडी घरी आणली, तर गाळणी तापतच नाही. ती तुंबते आणि इंजिनाची ताकद जाते.

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल 'जन्मभराचे' असते, असे विकणारा सांगतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलावे म्हणते. आणि काही इंजिनांची टायमिंग चेन अशी मागच्या अंगाला बसवलेली असते, की ती बदलायला अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. तिथे साखळीपेक्षा मजुरी भारी पडते.

आमचे मिस्त्री हाताने हुशार आहेत; पण या गाड्यांचे दुखणे कानाला कळत नाही, त्याला त्या-त्या कंपनीचा स्कॅनर लागतो. अधिकृत सेवाकेंद्रे पुणे, हैदराबाद अशा शहरांत. शिवाय चारही चाकांना जोर देणारी स्वयंचलित गाडी टोचन लावून नेता येत नाही, गिअरबॉक्स बिघडतो. ती ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. म्हणजे दुरुस्तीआधीच भाड्याचा भुर्दंड.

भाच्याला मी कागदावर ठोकळ आकडे मांडून दिले. चार टायर, लाखभर. वर्षाला बारा हजार किलोमीटर आणि लिटरला नऊ किलोमीटर धरले, तर डिझेल सव्वा लाखाच्या आसपास. विमा निराळा, आणि जुन्या गाडीला पूर्ण भरपाईचा विमा सहसा मिळत नाही. एक मोठे दुखणे निघाले, तर दोन-तीन लाख. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "मामा, मग ही गाडी मला पोसायची का मी हिला?" तरी मी नको म्हटले नाही. आधी हैदराबादेत तपासून घे, एवढेच सांगितले. तपासणीत दोन फुगे आणि गिअरबॉक्स निघाले. विकणारा भाव सोडीना, तेव्हा भाच्याने गाडी सोडली.

हौस वाईट नाही. नीट राखलेली अशी गाडी नांदेड-लातूर रस्त्यावर चालवण्यात मोठे सुख आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत. गाडी रात्रभर उभी करवून सकाळी थंड इंजिनावर पाहावी. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीकडून पडताळाव्यात. सौद्याआधी स्कॅनर लावावा. आणि किमतीचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बँकेत बाजूला ठेवावा. तेवढी रक्कम उरत नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो. गेलेले रान परत येत नाही. त्याच्या बदल्यात आलेला पैसा तरी दारात गंजत उभा राहू नये. येत्या पाडव्याला ज्यांच्या दारी नवे-जुने वाहन येईल, त्यांनी त्याला हार जरूर घालावा. पण त्याआधी त्याच्या चाऱ्याचा हिशेब मांडावा.