पेटी वाजवणारे मांजर

शनिवारी रात्री जेवणे आटोपली, की आमच्या दिवाणखान्यात एक मैफल भरते. आठवडाभरात यूट्यूबवर ज्याला जे गमतीचे सापडले असेल, ते त्याने टीव्हीवर लावून सर्वांना दाखवायचे. चिरंजीव क्रिकेटमधल्या फजित्या आणतात. सौभाग्यवतींची सारी मदार बोलक्या पोपटांवर!

गेल्या शनिवारी पाळी माझी होती. मी लावले ते निळा सदरा घालून कीबोर्ड वाजवणारे मांजर. (आमच्या लेखी ती पेटीच. पंजे हलवणारे हात अर्थात मालकाचे!) पण चेहरा पाहावा, तर भलताच तबलजी वाट्याला आलेल्या गवयासारखा. आई खळखळून हसली. बाबा २००९ साली गेले. तेव्हापासून तिचे असे हसणे विरळाच.

"कुठलं रे हे मांजर?"

मी सांगितले, अमेरिकेतल्या चार्ली श्मिट यांचे. नाव फॅट्सो. चित्रण १९८४ मधले. यूट्यूबवर आले २००७ मध्ये आणि जगभर गाजले. मांजर मात्र १९८७ मध्येच मेले होते. एवढे शेवटचे सांगायला नको होते, पण आमची जीभ!

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं असं काही नाही ना रे आपल्याकडे?"

नव्हते. फोटो ढीगभर, हलतेबोलते बाबा कुठेच नाहीत.

"बरं, लाव पुन्हा ते मांजर."

मी लावले. चिरंजीवांनी आपला फोन हळूच आजीसमोर धरला.