उद्वेगात श्वासाची योजना

‘जीव घाबरतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगण्याचा प्रघात आहे. रुग्ण मग जोराने श्वास ओढू लागतो. अतिश्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुणावते. दूरदर्शनवर पाहून भस्त्रिका आरंभणाऱ्या उद्विग्न रुग्णांचीही पुष्कळदा हीच गत होते.

वाग्भटाचार्यांनी चित्ताचे धारण व श्वसन ही दोन्ही कर्मे प्राणवायूकडेच सोपविली आहेत. श्वासाच्या वाटेने चित्तापर्यंत पोहोचता येते ते त्यामुळेच. मात्र बळाने नव्हे. चरकाचार्यांनी श्रमजन्य निःश्वास अधारणीय वेगांत गणून त्याच्या अवरोधाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. उद्वेगाने धाप लागलेल्यास कुंभक सांगू नये, असे अनुमान मी त्यावरून काढतो.

रुग्णास स्वस्थ बसवून एक हात नाभीवर ठेवावयास सांगावे. नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्यावा, ६ अंक मोजत सोडावा. मध्ये रोधू नये. लक्ष हाताच्या वर-खाली होण्याकडे असावे. मिनिटास सुमारे ६ आवर्तने होतात. ५ मिनिटे पुरेत, पण ती आपल्यासमोर करवून घ्यावीत. कागदावर लिहून दिलेला श्वास कोणी घेत नाही!

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. धडधडीसाठी महिनोन्‌महिने अश्वगंधा चूर्ण नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. श्रमाने छातीत दुखणे, वजन घटणे, हातांना कंप ही लक्षणे असल्यास ईसीजी व थायरॉइडची तपासणी आधी, श्वासाभ्यास नंतर.